बेंबळीच्या रानातला बर्फ

मी लिहायला बसलो आहे, याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाळेत गेलेलं नाही. वडील मेंढरं राखतात, आणि मी हैदराबादेत इंटरच्या वर्गात बसतो हे त्यांना अजून नीट खरं वाटत नाही. कधी कधी मलाही वाटत नाही. त्यात आमच्या मराठी मंडळानं हस्तलिखितासाठी ‘हिवाळा’ या विषयावर अनुभव मागवले. ज्यांनी सिमला पाहिलं त्यांनी सिमल्यावर लिहिलं. मी बर्फ पाहिलेला नाही. पण बर्फाच्या एका फोटोत माझा हात आहे, आणि तो हात चुकला. तो कसा चुकला हे मला कुठंतरी सांगायचं होतं. शिवाय माझा हिवाळा चैत्रात आला. संपादकांना हे चालणार नसेल तर त्यांनी ही पानं काढून टाकावीत. मला वाईट वाटणार नाही. थोडं वाटेल.

आमच्या बेंबळीत आप्पांचं दुकान आहे, किराणा आणि भुसार. आप्पा लिंगायत वाणी, साठी ओलांडलेले. मी शिकावं हे पहिल्यांदा त्यांच्या मनात आलं. वडील एकदा लोकर घेऊन दुकानात गेले होते, आणि मी पुड्या बांधायच्या रद्दीतला एक कागद उचलून वाचत उभा होतो. आप्पांनी ते पाहिलं आणि वडिलांना म्हणाले, “ह्याला मेंढरामागं धाडलंस तर मेंढरं हारवतेत बघ. शाळंत घाल.” वडिलांनी मेंढरांच्या काळजीनं मला शाळेत घातलं. तेव्हापासून आप्पांनी काही सांगितलं आणि मी नाही म्हणालो, असं झालं नाही.

गेल्या वर्षी आप्पा केदारनाथाला गेले. गेले म्हणजे निघाले. सोलापूरकडच्या यात्रेकरूंचा एक जथा होता, त्यांच्याबरोबर. हरिद्वारला त्यांचं पोट बिघडलं, मग ताप भरला. जथा पुढं चढून गेला आणि आप्पा धर्मशाळेत तीन आठवडे पडून राहिले. जथा दर्शन करून उतरला, तसे आप्पाही त्यांच्याबरोबर परतले. गावात खरं काय ते सांगून टाकायचं, हे त्यांनी आगगाडीतच ठरवलं होतं. पण येतो म्हणून पत्र आधी पोचलेलं होतं, आणि सगळं गाव वाजंत्री घेऊन वेशीवर उभं होतं. आप्पा बैलगाडीतून उतरतात न उतरतात तोच बायकांनी त्यांचे पाय धुतले आणि ते पाणी लेकरांच्या डोक्यावर शिंपडलं.

“सनईवाला जरा थांबला आस्ता तर सांगितलं आस्तं,” आप्पा मला म्हणाले. “त्यो थांबलाच न्हाय. मग सगळे जेवाय बसले. जेवत्या माणसाला काय सांगायचं.”

हे त्यांनी फक्त मला सांगितलं. मलाच का, असं विचारलं तर म्हणाले, “तू हैदराबादला ऱ्हातूस. गोष्ट गावाच्या भाईर ऱ्हाती.”

आता अडचण अशी की यात्रेहून आल्यावर मावंदं घालावं लागतं. आणलेल्या गंगेची पूजा करायची, गावाला जेवू घालायचं, तेव्हा यात्रा पुरी झाली असं धरतात. गंगा होती. हरिद्वारचीच, तोंडाला डाख लावून बंद केलेल्या तांब्याच्या गडव्यात, अगदी खरी. यात्रा तेवढी नव्हती. आप्पांनी मावंदं दिवाळीवर ढकललं, दिवाळीहून संक्रांतीवर. संक्रांतीला त्यांचे व्याही सास्तूरहून आले. त्यांच्या गावचा कुणी एक जण केदारला जाऊन आला होता आणि बर्फात उभा असलेला स्वतःचा फोटो घेऊन आला होता.

“तुमचा फोटू कुठंय आप्पा?” व्याह्यांनी दुकानात चारचौघांत विचारलं.

“यायचाय,” आप्पा म्हणाले. “टपालानं. जर्मनची लढाई चालू हाय, टपाल मागंपुढं हुतंय.”

तोवर आप्पा फक्त गप्प राहिले होते. हे पहिलं खोटं त्यांच्या तोंडून गेलं. चैत्रात मी सुट्टीला घरी आलो तेव्हा ते वाळलेले दिसले. मला दुकानाच्या मागं नेऊन ते म्हणाले, “लेकरा, येक फोटू पायजे. मग मावंदं घालतो आन् मोकळा हुतो. पुन्ना कंदी खोटं बोलनार न्हाय.”

धाराशिवाहून फोटो काढणारे मास्तर आले. दाढी पिकलेली, बोलणं अर्धं दखनी, अर्धं मराठी. लढाईमुळं कॅमेऱ्यात घालायच्या, फोटो उमटायच्या काचा मिळत नव्हत्या. त्यांच्याजवळ दोनच उरल्या होत्या. आप्पांनी त्यांना सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हणाले की बर्फात उभं असल्यासारखं दिसलं पाहिजे. मास्तरांनी जास्त विचारलं नाही. त्यांच्याकडे लोक राजवाड्याच्या पडद्यासमोर बसून फोटो काढून घेत, आणि त्यांतलं कुणी राजवाड्यात राहत नव्हतं.

पहिली काच आप्पांच्या गोदामात गेली. कापसाची बोंदरी, म्हणजे मोठाली पोती, सोडून मी जमिनीवर कापूस पसरला, मागच्या भिंतीलाही चिकटवला. चैत्रातलं ऊन, वर पत्रा, आणि आप्पा लोकरीचा कोट, कानटोपी, मफलर घालून मध्ये उभे. घाम गालांवरून ओघळायला लागला, आणि उडालेला कापूस त्या घामाला चिकटायला लागला.

“आप्पा, बरफ में पसीना आता नै,” मास्तर काळ्या कापडातून म्हणाले.

“मग लवकर काढा की.”

मास्तरांनी भिंगाचं टोपण काढलं, एक म्हणाले, आणि आप्पांना शिंक आली. ती एक नव्हती. मास्तरांनी टोपण परत लावलं आणि शांतपणे सांगितलं, “इसमें दो-तीन आप्पा आए होंगे.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तरांची गाडी जुंपून तयार होती. तेवढ्यात भोगजीकडून, म्हणजे उत्तरेच्या बाजूनं, आभाळ काळं होऊन आलं आणि गारा पडायला लागल्या. सुपारीएवढ्या, मग त्याहून मोठ्या. पत्र्यांवर असा आवाज की समोरच्याचं बोलणं ऐकू येईना. गारा थांबल्या तसे लोक पडलेल्या कैऱ्या वेचायला पळाले. आप्पा दारात उभे राहून ओढ्यापलीकडच्या आपल्या रानाकडे बघत होते. सुगी होऊन गेलेली, रान मोकळं, आणि ते सगळं पांढरं झालं होतं.

“कोट,” आप्पा म्हणाले.

मी कोट घेऊन धावलो, मास्तर छातीशी कॅमेरा धरून धावले, आणि आप्पा आम्हा दोघांच्या पुढं. साठीचा माणूस असा पळताना मी पाहिला नव्हता. रानात पोचलो तर तिथं आप्पांचा गडी डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन उभा, आणि त्याच्याजवळ म्हैस.

“ती म्हस घिऊन बाजूला सरक,” आप्पा ओरडले.

“सरकत न्हाय आप्पा. गारा लागल्यात तिला. रुसलीया.”

मी मागून ढकललं, गड्यानं पुढून ओढलं. म्हैस हलली नाही. इकडं ढग फाटून ऊन पडायला लागलं आणि गारांचं पाणी व्हायला लागलं. मास्तर तिवई रोवत म्हणाले, “नक्को, रहने दो. बाद में टचिंग में निकाल देंगे. म्हैस निकाल देंगे, गडी निकाल देंगे.”

“मला का काढता?” गडी म्हणाला. “म्या काय क्येलं?”

मी म्हशीच्या मागंच वाकून बसलो, कारण उठून बाजूला व्हायला वेळ नव्हता. त्यामुळं आप्पा कसे उभे राहिले, त्यांनी काय नीट केलं, काय बाहेर काढलं, हे मला दिसलं नाही. मला म्हशीचं शेपूट दिसत होतं. मास्तरांनी टोपण काढलं, तीन अंक मोजले, टोपण लावलं. आप्पा या वेळी शिंकले नाहीत.

काचेबरोबर मी धाराशिवला गेलो. मास्तरांची नजर आता बारीक कामाला पुरत नव्हती, आणि आप्पांनी मला सांगितलं होतं, “तू शिकल्याला हाईस, तू बसून करून घे.” मास्तरांच्या खिडकीपाशी एक उतरतं मेज होतं. त्यावर काच ठेवायची, खालच्या आरशातून उजेड यायचा, आणि सगळं उलटं दिसायचं. काचेवर पांढरं ते काळं आणि काळं ते पांढरं. आप्पांचं तोंड कोळशासारखं, कोट दुधासारखा, आणि बर्फ म्हणजे काळोख.

मास्तरांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. काचेवर लाल रंग लावला की तेवढी जागा कागदावर पांढरी उमटते. आणि काचेवरचं काळं हलक्या हातानं चाकूनं खरवडलं की तेवढी जागा कागदावर गडद होते. बस. एवढ्यावर जगातली कुठलीही नको ती वस्तू नाहीशी करता येते, असं ते म्हणाले.

मी लाल रंग घेऊन बसलो. ज्वारीची धसकटं गेली. बांधावरची बाभूळ गेली. कुणीतरी टाकलेलं औत गेलं. गड्याला पुसताना मला जरा वाईट वाटलं, तो इतका सरळ उभा होता. म्हैस जायला सबंध दुपार लागली. खरं सांगायचं तर मला त्या कामाचा चस्का लागला. कॉलेजात मी कुठलंच काम असं हातानं पुरं केलं नव्हतं. मास्तर मधून मधून येऊन काच उजेडाला धरत आणि म्हणत, “हात अच्छा है तुम्हारा. और निकालो.” मी आणखी काढत गेलो. संध्याकाळी त्यांनी छाप काढून पाहिला तेव्हा आप्पा नुसत्या पांढऱ्यात उभे होते, कुणी त्यांना पिठाच्या डब्यात ठेवल्यासारखे.

“पहाड होना,” मास्तर म्हणाले. त्यांनी चाकूचं टोक घेतलं आणि काचेवरच्या लाल रंगात आप्पांच्या मागं डोंगर कोरायला लागले. एका डोंगरावर त्यांनी सवयीनं घुमट काढला.

“मास्तर, घुमट नको.”

“फिर क्या रैता वहाँ?”

“मला ठाऊक नाही. मी पाहिलेलं नाही.”

मग त्यांनी घरातलं एक कॅलेंडर आणलं. त्यात कैलासावर शंकर बसलेले होते. डोंगर त्यावरून घेतले. मास्तरांनी विचारलं, शंकरही काढू का. मी म्हणालो, नको, आप्पांना पुन्हा कुणीतरी विचारेल की त्यांच्याशी काय बोलणं झालं.

सगळ्यात शेवटी कोट राहिला. काचेवर त्या दुधासारख्या कोटावर, बरोबर छातीवर, एक गोल काळा ठिपका होता. मी विचार केला. काळं म्हणजे कागदावर पांढरं. पांढरं आणि गोल म्हणजे गार. एक गार उडून आप्पांच्या कोटाला चिकटली असणार. मी चाकू घेतला आणि श्वास रोखून ती इतकी सफाईनं खरवडली की मास्तरांनाही तिथं काही होतं हे कळलं नाही.

मावंदं वैशाखातलं. त्याच सकाळी मास्तर चौकट घालून फोटो घेऊन आले. कुणी शिकवलं कोण जाणे, पण त्यांनी आदरानं चौकटीला झेंडूचा मोठा हार घालून आणला होता. आप्पांनी चष्मा शोधेपर्यंत फोटो पडवीत खुंटीला लागलासुद्धा. त्यांनी लांबून डोंगर पाहिले आणि त्यांचं तोंड उजळलं. गडी जवळ जाऊन बराच वेळ बघत राहिला.

“म्या दिसत न्हाय की,” तो माझ्या कानात म्हणाला.

“तू केदारला नव्हतास.”

“आन् आप्पा हुते व्हय?”

मी त्याला पत्रावळी आणायला पाठवलं.

पंगत बसायच्या आधी लिंगायतांचे गुरू, जंगमस्वामी, आले. गावातले सगळे त्यांच्या पाया पडले. सास्तूरचे व्याही त्यांना फोटोपुढं घेऊन गेले आणि म्हणाले, “आला म्हना की टपालानं.” स्वामींनी फोटोकडे पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“जित्या माणसाच्या फोटूला हार कुणी घातला? काढा त्यो.”

मास्तरांनीच पुढं होऊन हार काढला. स्वामी फोटोच्या जवळ गेले. मग आणखी जवळ गेले. मला वाटलं डोंगर ओळखले. कॅलेंडर त्यांच्याकडेही असणार.

“आप्पा,” स्वामी हळू म्हणाले, “गळ्यात दोरा दिसतुया, लिंग कुठंय?”

आप्पांचा हात छातीवर गेला. तेव्हा मला कळलं. लिंगायत माणसाच्या गळ्यातलं इष्टलिंग जन्मापासून मरेपर्यंत अंगावरून उतरत नाही. आप्पा ते चांदीच्या डबीत घालतात आणि ती डबी एरवी सदऱ्याच्या आत असते. पण त्या दिवशी केदारला उभं राहायचं म्हणून त्यांनी ती मुद्दाम कोटावर काढून ठेवली होती. चांदी उन्हात चमकली होती. मी म्हशीमागं होतो, आणि काचेवर तो दोरा मला कोटाची शिवण वाटला होता. आणि ती गार नव्हती.

सगळी पडवी फोटोपुढं गोळा झाली. माझ्या हातात हुग्गीचं पातेलं होतं, गव्हाची ती खीर नुकती चुलीवरून उतरलेली. बोटं भाजत होती, पण ते खाली ठेवायचं सुचेना. आप्पांनी नुसतं म्हणायचं होतं, पोरानं चुकून पुसलं. पण एक पुसलं म्हटलं की पुढचा प्रश्न येणारच, आणखी काय काय पुसलं. आणि काहीच म्हणाले नाहीत तर गावभर होणार की आप्पा लिंग उतरवून शिवाच्या दारात गेले. आप्पांनी फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

“स्वामी,” आप्पा म्हणाले, “लिंग गळ्यात हुतं. केदार नव्हतं.”

“म्हंजे?”

“हरिद्वारला आजारी पडलो. तिथनंच म्हागारी आलो. ह्ये ओढ्यापल्याडचं माझं रान हाय. गारा पडल्या त्या दिसाचं.”

व्याही फोटोत वाकून ओढा शोधायला लागले. मग पत्रावळींच्या ढिगामागून गडी म्हणाला, “आन् म्या बी हुतो तिथं. आन् म्हस.”

आधी एक बाई पदर तोंडाला लावून हसली, मग व्याही हसले, मग सगळी पडवी. मास्तर हसले नाहीत. ते हार हातात घेऊन भिंतीकडे तोंड करून उभे होते. आप्पाही हसले नाहीत. ते स्वामींकडेच बघत होते. हसणं ओसरलं तसे स्वामी म्हणाले, “जेवान झालंया, ते वाया घालवायचं न्हाय. बसा समदे. पर ह्ये मावंदं न्हवं, आप्पा. नुसतं जेवान. गंगा तशीच झाकून ठेवा.”

“व्हय स्वामी.”

पंगत उठल्यावर मी आप्पांपाशी गेलो आणि सांगितलं की ते मीच खरवडलं. “मला वाटलं, गार आहे.”

“गार,” आप्पा म्हणाले.  “हैदराबादला ह्येच शिकवतेत व्हय?”

मी उष्ट्या पत्रावळी उचलायला लागलो.

आठ दिवसांनी आप्पा पुन्हा केदारला निघाले. जथा मिळाला नाही, म्हणून गडी बरोबर गेला. तो म्हणाला, मला बी बघू द्या ते कसं असतंय. वेशीपर्यंत पोचवायला कुणी वाजंत्री आणली नाही. आप्पांनीच नको म्हणून सांगितलं होतं. मी लाजून घरीच राहिलो. वडील मेंढरं घेऊन रस्त्यात उभे होते, त्यांना ते म्हणाले, “पोराला सांग, न्हाय पोचलो तर त्याच्यावर न्हाय.” वडिलांनी मला हे जसंच्या तसं सांगितलं, आणि त्यानं मला जास्तच घोर लागला.

कॉलेज सुरू झालं. मी वर्गात बसत होतो, पण माझं लक्ष साठी ओलांडलेल्या त्या माणसाच्या पोटाकडे होतं. गेल्या वर्षी जिथं ते आडवे झाले ते गाव मी नकाशात शोधलं, आणि तिथून केदारपर्यंत नकाशावर माझं एक बोटसुद्धा मावत नव्हतं. चालायला किती दिवस लागतात हे नकाशात नव्हतं. टपालवाल्याला मी रोज विचारायचो. पहिले काही दिवस तो पिशवी बघून नाही म्हणायचा, मग न बघताच म्हणायला लागला. एकदा म्हणाला, “मियाँ, किसी लड़की का है क्या?” मी म्हणालो, साठ वर्षांच्या वाण्याचं आहे. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सायकलवर बसला.

आषाढ गेला. बेंबळीलाही काही कळलं नव्हतं. वडिलांनी दुसऱ्याकडून लिहून घेतलेल्या पत्रात मेंढरांची खुशाली होती आणि खाली एक ओळ, आप्पांची खबर नाही. मी आप्पांच्या घरी पत्र लिहायला तीनदा बसलो आणि तीनदा फाडलं. काय लिहायचं होतं, मी ते ठिपके ओळखायला शिकलो आहे म्हणून?

श्रावणाच्या पहिल्या सोमवारी टपालवाला वसतिगृहाच्या फाटकातूनच हात हलवत आला. निजामाच्या नव्हे, इंग्रजी मुलुखातलं कार्ड, पावसानं अर्धी शाई पसरलेली, मजकूर कुणा पंड्यानं हिंदी वळणाच्या अक्षरात लिहिलेला. शब्द मात्र आप्पांचेच होते. दोघं पोचलो. सोमवारी दर्शन झालं, स्वतःच्या हातानं पाणी घातलं. पाय सुजलेत, बाकी तब्येत बरी. इथं बरफ लांब वर डोंगरावर हाय, खाली निस्ता चिखल आन् पाऊस. उद्या उतरायला लागतो. मावंदं दसऱ्याला, सुट्टी काढून ये.